पिळलेला कोपरा

कोणी अडचणीत सापडला म्हणजे आपण त्याला सांगतो, "आणखी झटा, आणखी प्रार्थना करा, विश्वास वाढवा." हा उपदेश नेहमीच योग्य असतो काय? प्रश्न विचित्र वाटेल. प्रार्थना करू नका, असे कोणता ख्रिस्ती मनुष्य म्हणेल? परंतु मंडळीत, शब्बाथ शाळेत आणि घरोघरच्या भेटींत हे शब्द आपल्या तोंडून इतक्या सहज निघतात की, ऐकणाऱ्याच्या जिवावर त्यांचे ओझे किती पडते, हे पाहण्यास आपण थांबत नाही. कधी हेच शब्द औषध ठरतात. कधी मात्र ते जखमेवरचे मीठ होतात. मग कोठे ते बोलावेत आणि कोठे बोलू नयेत, हे ओळखावे कसे?

या प्रश्नाचा विचार मी एका खेळण्याच्या साहाय्याने करणार आहे. सहा रंगांचा, फिरवून जुळवायचा तो ठोकळा, ज्याला सर्वजण रुबिकचा क्यूब म्हणतात, तो शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलांच्या हातात पुष्कळदा पाहिला असेल. प्रभूने खमीर, जाळे, दिवा, हरवलेले नाणे अशा नेहमीच्या वस्तू घेऊन मोठी सत्ये शिकवली. तेव्हा खेळण्यापासून काही शिकण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

हा क्यूब हंगेरी देशातील एर्नो रुबिक यांनी १९७४ साली बुडापेस्ट येथे तयार केला. ते तेथील उपयोजित कलांच्या विद्यालयात शिक्षक होते. लहान लहान ठोकळे एकमेकांना धरून राहावेत आणि तरीही स्वतंत्रपणे फिरावेत, अशी रचना साधेल काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. पहिला क्यूब त्यांनी लाकडाचा, स्वतःच्या हातांनी बनवला. बाजूंना रंग दिले, तो काही वेळा फिरवला, आणि मग त्यांच्या ध्यानात आले की, रंग पुन्हा जागेवर कसे आणावेत हे आपल्यालाच ठाऊक नाही! ज्याने वस्तू घडवली तोच तिच्यात वाट चुकला. ती परत जुळवण्यास त्यांना महिन्याहून अधिक काळ लागला. १९७७ साली हे खेळणे बुडापेस्टच्या दुकानांत "जादूचा ठोकळा" या नावाने आले, आणि १९८० साली एका अमेरिकन कंपनीने त्याला रुबिक यांचे नाव देऊन ते जगभर पोहोचवले. १९८२ च्या जून महिन्यात बुडापेस्ट येथेच पहिली जागतिक स्पर्धा झाली. मिन थाय या व्हिएतनामी-अमेरिकन मुलाने २२.९५ सेकंदांत क्यूब जुळवून ती जिंकली. २०२३ साली मॅक्स पार्क या अमेरिकन तरुणाने तेच काम ३.१३ सेकंदांत केले, आणि २०२५ साली तोही विक्रम मागे पडला.

या खेळाच्या भोक्त्यांचा आज एक मोठा परिवारच झाला आहे. काही जण वेगाने जुळवतात, तर काही जण नवे नवे क्यूब बांधतात. ग्रीसमधील पानायोटिस वर्देस यांनी सहा आणि सात थरांचे क्यूब बनवले. नेदरलँड्समधील ऑस्कर व्हॅन डेव्हेंटर यांनी २०११ साली सतरा थरांचा क्यूब लोकांपुढे ठेवला. बांधणारे असोत की जुळवणारे असोत, या सर्वांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते, आणि तीच आपल्या कामाची आहे.

साध्या क्यूबचे बाहेरून दिसणारे तुकडे २६ असतात. त्यांपैकी ८ कोपऱ्यांचे, १२ कडांचे आणि ६ बाजूंच्या मध्यावरचे. फिरवता फिरवता त्यांच्या ज्या निरनिराळ्या मांडण्या होऊ शकतात त्यांची संख्या सव्वाचार लाख कोटी कोटींहून अधिक भरते. इतका गोंधळ शक्य असूनही, २०१० साली गणित व संगणक जाणणाऱ्यांच्या एका गटाने सिद्ध केले की, क्यूब कसाही बिघडलेला असो, तो वीस किंवा त्याहून कमी चालींत जुळतो. या वीसाला या खेळातले लोक "देवाचा आकडा" म्हणतात. सर्व काही जाणणारा कोणी तो जुळवू लागला, तर त्याला वीसांपेक्षा जास्त चाली कधीच लागणार नाहीत, एवढाच त्या नावाचा अर्थ.

मात्र याला एक अट आहे. क्यूब केवळ फिरवून बिघडलेला असला पाहिजे.

समजा, क्यूब खाली आपटला, किंवा घाईने फिरवताना एक कोपरा जागच्या जागी पिळला गेला. आजकालचे सैलसर, भरभर फिरणारे क्यूब वापरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. तुकडा आपल्याच घरात आहे, पण त्याचे तोंड भलतीकडे झाले आहे. फिरवण्याच्या नियमात असे कधी घडत नाही. एक कोपरा वळला तर दुसऱ्या कोठल्या तरी कोपऱ्यात त्याची भरपाई झालीच पाहिजे, असा त्या रचनेचा हिशेबच आहे. त्यामुळे बाहेरून पिळलेला एकटा कोपरा आतल्या कोणत्याही चालीने सरळ होत नाही. वीस चाली करा की वीस हजार करा, तो तसाच राहतो. क्यूब उकलून त्याचे तुकडे कसेही परत बसवले, तरीही तीच गत. बारांपैकी अकरा वेळा तो न जुळणाराच निघतो. म्हणून बांधणारे कारागीर तो रंग जुळलेल्या स्थितीतच बांधतात.

आता ज्याच्या हाती असा क्यूब आला आहे त्या मुलाचा विचार करा. त्याने जुळवण्याची रीत मन लावून शिकली आहे. पहिला थर जुळतो, दुसरा जुळतो, आणि शेवटच्या थरात एक कोपरा वाकडाच राहतो. तो सगळे मोडून पुन्हा आरंभ करतो. पुन्हा तेच. आई म्हणते, "लक्ष देऊन कर." मित्र म्हणतो, "तू मध्येच चाल विसरतोस." पाचव्या खेपेस मुलगा रडकुंडीला येतो, आणि आपण मंद आहोत असे त्याच्या मनाने घेतलेले असते. वास्तविक त्याची प्रत्येक चाल बरोबर होती. चुकीचा होता तो त्याला मिळालेला सल्ला.

जाणकार माणूस मात्र तो शेवटचा थर पाहतो आणि म्हणतो, "तुझे काही चुकले नाही. आण इकडे." बोटाने तो कोपरा जागच्या जागी सरळ करतो आणि क्यूब मुलाच्याच हाती परत देतो. यात लबाडी नाही. जागतिक स्पर्धेच्या नियमांतसुद्धा एकच कोपरा पिळला गेल्याने क्यूब अडला असेल, तर तो तसा सरळ करण्याची मोकळीक ठेवलेली आहे. नियम करणाऱ्यांनीही हे ओळखले आहे की, नियमाबाहेरच्या हिसक्याने जे बिघडले, ते नियमाच्या आतल्या कष्टाने सुधारत नाही.

प्रिय वाचकहो, लूकाच्या शुभवर्तमानात दोन माणसे आपल्याला भेटतात. एक आहे उधळ्या पुत्र. तो आपल्या पायांनी दूर गेला. वाटणी त्यानेच मागितली, पैसा त्यानेच उडवला. तो शुद्धीवर आला तेव्हा ज्या वाटेने गेला होता त्याच वाटेने उठून परत आला. दुसरी आहे ती अठरा वर्षे कुबड आलेली स्त्री. तिला काही केल्या सरळ उभे राहता येत नव्हते. प्रभूने तिला पश्चात्ताप करण्यास सांगितल्याचे आपण वाचत नाही. विश्वास कमी पडला म्हणून तो तिला रागावलाही नाही. तिने काही मागण्यापूर्वीच त्याने तिला जवळ बोलावले, तिच्यावर हात ठेवले, आणि ती सरळ झाली. सभास्थानाचा अधिकारी मात्र रागावला, कारण तो दिवस शब्बाथाचा होता. त्याला नियम दिसला, तिची पाठ दिसली नाही. प्रभूने त्याला आठवण दिली की, शब्बाथ दिवशी बैलाला सोडून पाण्यावर नेता, मग या अब्राहामाच्या कन्येला बंधनातून सोडवू नये काय?

एक फिरवून बिघडलेला, दुसरी बाहेरून पिळलेली. प्रभूने दोघांना एकच उपदेश केला नाही. आपण मात्र करतो.

याचा परिणाम किती कठोर होतो हे पाहण्यासाठी एक जुने उदाहरण घेऊ. पंधरा आकड्यांच्या सरकत्या सोंगट्यांचा एक खेळ आपल्या लोकांना माहीत आहे. १८८० च्या सुमारास त्याने अमेरिकेत आणि युरोपात मोठे वेड लावले. सॅम लॉइड या प्रसिद्ध कोडेकाराने पुढे त्याच्या एका मांडणीसाठी एक हजार डॉलरांचे बक्षीस लावले. त्या मांडणीत १४ आणि १५ हे आकडे तेवढे उलटसुलट होते. ते बक्षीस कोणालाही मिळाले नाही आणि मिळणारही नव्हते, कारण ती मांडणी सरकवून जुळणे अशक्य आहे, हे १८७९ सालीच गणिताने सिद्ध झाले होते. लोकांनी मात्र त्यापायी रात्री जागवल्या. खेळात हे गमतीचे ठरते. परंतु एखाद्या खचलेल्या जिवापुढे "विश्वास ठेवशील तर बरा होशील, बरा झाला नाहीस तर तुझा विश्वासच खोटा" असे बक्षीस मांडणे, ही गंमत नव्हे. तो जुलूम आहे, आणि आपण तो प्रभूच्या नावाने करतो.

आता आपल्या घरांकडे वळू. एक नवरा दारू पितो आणि बायकोला मारतो, अशी कल्पना करा. दुर्दैवाने फार कल्पना करावी लागत नाही. मंडळीतील वडीलमाणसे त्या घरी जातात. तिला काय सांगतात? "बाई, सोस. अधिक नम्र हो. उपास करून प्रार्थना कर, देव त्याचे मन बदलील." आणि त्याच्याविषयी काय म्हणतात? "बिचाऱ्याची नोकरी गेली, संगत वाईट मिळाली, काय करील?" पाहा, औषधांची अदलाबदल झाली! जिचा कोपरा दुसऱ्याच्या हाताने पिळला गेला, तिला आपण आणखी चाली करावयास लावतो. ज्याने स्वतःच्या हाताने सारे बिघडवले, त्याला आपण पिळलेला समजून गोंजारतो. तिला हवे आहे संरक्षण, राहण्यास सुरक्षित जागा, तिच्या बाजूने उभे राहणारे माणूस, आणि गरज पडल्यास कायद्याचा आधार. पश्चात्तापाची हाक ऐकण्याची गरज आहे ती त्याला.

शब्बाथ शाळेतही हेच घडते. एखादे मूल शास्त्रवचन मोठ्याने वाचताना अडखळते, अक्षरे उलटसुलट करते. आपण त्याला आळशी ठरवतो आणि दहा वेळा लिहून आणण्यास सांगतो. अक्षरे ओळखण्यातच अडचण असणारी हुशार मुले असतात, हे आज डॉक्टर व शिक्षणतज्ज्ञ जाणतात. अशा मुलाला वेगळ्या रीतीने शिकवावे लागते. तसेच मनाचा आजार जडलेल्या माणसाचे. त्याची झोप उडते, जेवण तुटते, आणि प्रार्थना करावयास बसले तरी शब्द सुचत नाहीत. त्याला "प्रार्थना वाढव" एवढेच सांगणे म्हणजे मोडलेल्या पायाने धावण्यास सांगणे होय. त्याच्यासाठी प्रार्थना आपण करावी, आणि त्याला डॉक्टरांकडे नेण्याचे कामही आपणच करावे. पक्षघाती माणसाला त्याच्या चार मित्रांनी उचलून नेले होते. उठून चालत ये, असे त्यांनी त्याला सांगितले नाही.

येथे कोणी म्हणेल, "मग तर प्रत्येकजण आपला कोपराच पिळलेला आहे असे सांगून मोकळा होईल." ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तरही क्यूबमध्येच आहे. जो क्यूब केवळ फिरवून बिघडला आहे, त्याचा एखादा कोपरा उतावीळपणे पिळला, तर तोपर्यंत जुळू शकणारा क्यूब त्या क्षणापासून न जुळणारा होतो. सबब सांगणाऱ्याचे असेच होते. संस्थेचा पैसा खाणाऱ्याला, भावाची जमीन दाबणाऱ्याला, सुनेचा छळ करणाऱ्याला आपण "परिस्थितीच तशी होती" असे म्हटले, तर आपण त्याच्यावर दया करत नाही. आपण त्याची परतीची वाट बंद करतो. वास्तविक त्याच्यासाठी वाट आहे. प्रत्येक चालीला तिची उलटी चाल असते. मात्र परत फिरताना शेवटची चाल प्रथम उलटवावी लागते, हे ध्यानात असावे. पुष्कळजण पश्चात्ताप म्हणून तरुणपणीच्या जुन्या पापांची साक्ष देतात, आणि गेल्या आठवड्यात ज्याला दुखावले त्याच्या दारी मात्र जात नाहीत. जक्कयाने असे केले नाही. ज्यांचे घेतले होते त्यांना चौपट परत देण्याची भाषा त्याने त्याच दिवशी, त्याच घरात केली.

मग ओळखावे कसे? पसरलेल्या रंगांकडे वरवर पाहून कोपरा पिळलेला आहे की नाही हे सहसा कळत नाही. दोन्ही क्यूब सारखेच अस्ताव्यस्त दिसतात. हातात घेऊन, थर थर जुळवत शेवटपर्यंत गेले म्हणजे सत्य पुढे येते. माणसांचेही तसेच आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसले, तोवर त्यांचे वागणे उत्तम होते. पुढे त्यांनी तोंड उघडले, आणि त्याच्या दुःखाचा हिशेब त्याच्या पापात शोधू लागले. तेथे ते चुकले, आणि देवाने त्यांना तसे सांगितले. बसणे अगोदर, बोलणे नंतर. जो बसला नाही त्याने बोलू नये.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. चार थरांचा क्यूब असतो, तोही हंगेरीतच जन्मला. साध्या क्यूबमध्ये सर्व काही जुळून एकच कडेचा तुकडा उलटा राहिला, तर तो क्यूब खात्रीने बिघडलेला समजावा. चार थरांच्या क्यूबमध्ये मात्र कडेवरची एकच जोडी उलटी राहणे नेहमीचे आहे. निव्वळ फिरवण्याने ती स्थिती येते, आणि चालींच्या एका लांबलचक मालिकेने ती सुटते. नवशिका तो मोडला समजून टाकून देतो. जाणकार धीर धरतो. सगळी माणसे एकाच बांधणीची नसतात. एकासाठी जे अशक्य, ते दुसऱ्यासाठी केवळ लांबचे असते.

वर ज्याचे नाव आले त्या मॅक्स पार्कची हकीकत याच जातीची आहे. लहानपणी त्याला स्वमग्नता असल्याचे निदान झाले. बोटांतील बारीक हालचालीही त्याला अवघड जात. इतर मुलांसारखा हो, असा धोशा त्याच्या आईवडिलांनी लावला नाही. बोटांना व्यायाम म्हणून त्यांनी त्याच्या हाती क्यूब दिला, आणि स्पर्धांतून त्याला आपली पाळी येण्याची वाट पाहणे, इतरांशी वागणे हेही शिकवले. २०१७ साली पॅरिस येथे तो जगज्जेता झाला. त्याच्यापूर्वी २०१३ व २०१५ साली जगज्जेता ठरलेला ऑस्ट्रेलियाचा फेलिक्स झेमडेग्स याचे विक्रम मॅक्सने मोडले, तरी फेलिक्सने त्याच्याशी मैत्री राखली. त्या दोघांवर २०२० साली एक माहितीपटही निघाला. जेथे जिंकणे हेच सर्वस्व मानले जाते, तेथे जर इतका समंजसपणा असू शकतो, तर प्रभूच्या मेजाभोवती जमणाऱ्यांमध्ये तो किती अधिक असावा!

हा दृष्टान्त फार ताणू नये, हेही सांगितले पाहिजे. पापी मनुष्य आपल्या वीस चालींनी स्वतःचे तारण साधतो, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. उधळ्या पुत्राला परतीची आठवण होणे हीच कृपा होती, आणि तो दूर आहे तोच धावत येणारा बाप ही त्याहून मोठी कृपा होती. परत फिरणाऱ्यालाही कृपाच फिरवते, आणि पिळलेल्यालाही कृपाच सरळ करते. फरक एवढाच की, एकाला ती म्हणते "ऊठ," आणि दुसऱ्याला म्हणते "थांब, मी हात लावते." ही दोन्ही वाक्ये तिची आहेत. कोणते कोणाला सांगावे याचा विवेक तिच्या सेवकांना असला पाहिजे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, घरभेटीस जाणाऱ्या बंधुभगिनींनो, पुढच्या खेपेस आपल्यासमोर कोणी रडत बसेल, तेव्हा उपदेश ओठांवर येण्याअगोदर एक प्रश्न मनाला विचारा: याला परत फिरवायचे आहे, की याला हात द्यायचा आहे? उत्तर लगेच सापडले नाही तर लाजू नका. बसून राहा. आपल्या आवाक्याबाहेरचे असेल तर डॉक्टर, वकील, जाणता शिक्षक यांना बोलावण्यात विश्वासाची हानी नाही. हात ठेवून सरळ करणाऱ्या प्रभूचेच ते हात असू शकतात. आणि एखाद्या थकलेल्या लेकराला "यात तुझे काही चुकले नाही" हे सांगण्याची वेळ आली, तर ते स्पष्ट, मोठ्याने आणि चारचौघांत सांगा. त्याने उलट ऐकले आहे तेही चारचौघांतच.

असा विवेक व असे कोमल हात प्रभू आपणां सर्वांस देवो.